आई विचारते, आता ग्रामसभा कधी?

नांगरणी | १७ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

आमचं गाव लातूर-धाराशिवकडचं, तालुक्याचं ठिकाण. दहा-अकरा वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावांतल्या ग्रामपंचायती जाऊन नगरपंचायती आल्या, त्यात आमचीही गेली. मी तेव्हा लग्न होऊन पुण्यात आले होते. कचेरीवरची पाटी बदलली, एवढंच मला कळलं.

आईचं तसं नव्हतं. ती ग्रामसभेला न चुकता जायची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा तिला सणवारासारख्या पाठ. झेंडावंदन झालं की शाळेच्या मैदानात सतरंज्या पडायच्या. त्याआधी बायकांची वेगळी सभा, कोण काय विचारणार ते तिथे ठरायचं. आई चौथी शिकलेली. पण एका उन्हाळ्यात तिने उभं राहून विचारलं होतं, "टँकरच्या खेपा वहीत किती लिहिल्यात? आमच्या गल्लीत किती आल्या?" ग्रामसेवकाला वही आणून सगळ्यांसमोर वाचावी लागली. पुढच्या आठवड्यापासून खेपा नीट यायला लागल्या. हे ती आजही सांगते, आणि सांगताना ताठ बसते.

गेल्या पावसाळ्यापासून आमची गल्ली पाइपलाइनसाठी खणून ठेवलेली आहे. आई कचेरीत गेली आणि तिने विचारलं, ग्रामसभा कधी आहे? तिथल्या मुलाने चांगल्या शब्दांतच सांगितलं, "मावशी, आता ग्रामसभा नसते. तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला सांगा." तेव्हापासून दर फोनवर ती मला विचारते, असं कसं नसते?

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून वाचायला लागले. समजलं ते असं. ७३वी घटनादुरुस्ती खेड्यांची, ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली. ७४वी शहरांची, १ जून १९९३ला. दोन्ही एकाच काळातल्या, बहिणी-बहिणीच. पण गावाच्या दुरुस्तीत ग्रामसभा घटनेत लिहिली गेली, मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य. शहराच्या दुरुस्तीत तसं काहीच नाही. ३ लाखांवर वस्ती असेल तर प्रभाग समित्या करा, एवढंच. त्या समित्यांतही मुख्यतः नगरसेवकच बसतात. म्हणजे ग्रामपंचायत होती तोवर आई स्वतः सभासद होती. आता ती फक्त मतदार आहे.

आणखी एक गोष्ट मला बोचते. शेजारच्या गावांत सध्या झेडपीच्या निवडणुकीची धामधूम आहे. आमच्या गावाला त्यात मत नाही, कारण आम्ही आता 'शहर'. पण भाचा ज्या शाळेत जातो ती शाळा झेडपीचीच आहे. शाळा त्यांची, मुलं आमची, आणि मत कोणाचंच नाही.

जाणकारांनी सांगावं, माझं कुठे चुकतंय का? आणि आईला मी काय सांगू?

जुना_बंधारा | १७ जानेवारी, रात्री ११:०५

नांगरणीताई, तुमचं चुकत नाही. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. शाळेचा मुद्दा अगदी खरा आहे. बऱ्याच नव्या नगरपंचायतींत प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. शिक्षकांचे पगार, बदल्या, पोषण आहार, सगळं तिकडून. नगरपंचायतीकडे शाळा चालवायला ना माणसं, ना अनुभव.

आपली जिल्हा परिषद इतकी भक्कम का, ते थोडं सांगतो, कारण त्यावरूनच तुमचं काय गेलं ते कळेल. १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने देशासाठी त्रिस्तरीय रचना सुचवली, त्यात जोर तालुक्यावर होता. आपल्याकडे वसंतराव नाईक समिती बसली आणि तिने जोर जिल्ह्यावर दिला. १९६१चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा त्यातून आला आणि १ मे १९६२पासून कारभार सुरू झाला. शेती, शाळा, दवाखाने, जनावरांचे दवाखाने, रस्ते, छोटे बंधारे अशी खाती कर्मचाऱ्यांसकट जिल्हा परिषदेकडे दिली. आमदार-खासदारांना सभागृहाबाहेर ठेवलं, हा त्यातला सगळ्यांत धाडसी निर्णय. तालुका-जिल्ह्यात नवं नेतृत्व तयार व्हायचं असेल तर त्याला स्वतःची जागा हवी, असा त्यामागचा विचार होता. झेडपीच्या शाळेत शिकून, झेडपीचे सभापती होऊन, पुढे मंत्री झालेली कितीतरी माणसं आपण पाहिली.

मतदारसंघाला झेडपीत गट म्हणतात, पंचायत समितीत गण. एका गटात दोन गण. नगरपंचायत झाली की ते गाव गटातूनही बाहेर, गणातूनही बाहेर. गटविकास अधिकारी, ज्याला लोक बीडीओ म्हणतात, त्याचा तुमच्याशी संबंध संपला. तुमचे मुख्याधिकारी थेट नगरविकास खात्याचे. मधली जी माणसं गावाला ओळखत होती, ती सगळी गेली. आम्ही विस्तार अधिकारी मोटारसायकलवरून महिन्याला दफ्तर तपासायला जायचो, तेव्हा चहाच्या टपरीवरच अर्ध्या तक्रारी कळायच्या.

सावली | १८ जानेवारी, सकाळी ७:२०

काका, छान लिहिलंत. मी पाच वर्षं सरपंच होते, महिला राखीव जागेवरून. ताईंच्या आईबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं, कारण अशाच एका मावशींनी मला कारभार शिकवला.

ग्रामसभेबद्दल सगळं गोड बोललं जातं, म्हणून खरं काय ते सांगते. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं लागतात, यांतला कमी असेल तो आकडा. तेवढीही जमत नाहीत. मग सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे दुसऱ्या वेळी वीस माणसांत ठराव होतात. बायकांची सभा कागदावर उरकायची आणि सह्या घरोघर जाऊन आणायच्या, ही खोड तर फार जुनी. मी आल्यावर पहिलं काम केलं ते तिची वेळ बदलली. सकाळी अकराला बाई शेतात असते. आम्ही संध्याकाळी सातला, मारुतीच्या देवळाच्या पारावर सभा ठेवली. पहिल्या वेळी नऊ जणी आल्या, वर्षाने साठ.

पैशाचंही सांगते. माझ्या काळात केंद्राच्या १५व्या वित्त आयोगाचे १०० रुपये आले तर ८० ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० झेडपीला. आमच्या हातात आलेल्या पैशातले ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचे. उरलेले ४० टक्के गावाच्या आराखड्याप्रमाणे. शिवाय गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीय वस्तीसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला काढायचे. हे आकडे मला पाठ झाले ते कुठल्या प्रशिक्षणात नाही. त्या मावशींनी ग्रामसभेत विचारलं, "दहा टक्क्यांचं काय केलं ते सांग." पहिल्या वर्षी मला सांगता आलं नाही. तो दिवस मी विसरलेली नाही. दुसऱ्या वर्षी त्या पैशातून आम्ही अंगणवाडीला संडास बांधला आणि हिशोब फळ्यावर लिहून ठेवला.

विचारणारं माणूस समोर बसलं की कारभार सुधारतो. माझ्या बाबतीत तरी तसंच झालं.

डोंगरवाट | १८ जानेवारी, सकाळी १०:१५

सगळ्यांचं पटतंय, पण दुसरी बाजूही मांडतो. आमचं गावही असंच नगरपंचायत झालं आणि आमच्या वस्तीचं त्यात भलं झालं. ग्रामसभेत आमचं कोणी ऐकून घेत नव्हतं. सभा पाटलाच्या वाड्यासमोर भरायची, आमची माणसं मागे उभी राहायची. कोण बोलणार? बोललं तर दुसऱ्या दिवशी मजुरी कोण देणार?

नगरपंचायतीत १७ प्रभाग झाले. आमच्या वस्तीचा स्वतंत्र प्रभाग, आमचाच नगरसेवक. गटारं झाली, घंटागाडी येते, पथदिवे लागले. आग लागली तर तासभर लांबून बंब यायचा, आता गावात गाडी आहे. ग्रामपंचायतीच्या काळात आमच्याकडे बांधकामाला शिस्त नव्हती, ज्याचा जोर त्याची भिंत रस्त्यात. आता परवानगी घ्यावी लागते.

तोटेही झाले. घरकुलाची ग्रामीण यादी गेली आणि आम्ही शहरी योजनेत आलो, तिथे कागदांची मागणी वेगळी. ज्यांच्याकडे ग्रामपंचायतीचा घराच्या नोंदीचा नमुना ८चा उतारा सोडून दुसरं काही नव्हतं, त्यांची फार ओढाताण झाली. घरपट्टीही वाढली. पण मला विचाराल तर मी परत ग्रामपंचायत मागणार नाही.

सावली | १८ जानेवारी, सकाळी १०:५०

डोंगरवाट दादा, तुम्ही लिहिलंत ते आमच्या गावातही होतं. आमचीही सभा आधी एका वाड्यासमोरच भरायची. पारावर नेली त्याचं हेही एक कारण होतं, ते मी वर लिहायला हवं होतं.

शिवेवरचा | १८ जानेवारी, दुपारी १:३०

आमची तिसरीच तऱ्हा. आमचं गाव शहराच्या शिवेवर, ते थेट महानगरपालिकेत घेतलं. काल ग्रामपंचायत, आज महापालिका. सरपंचाच्या घरी रात्री दहाला जाऊन मोटर जळल्याचं सांगता यायचं. आता आमच्या प्रभागात चार नगरसेवक निवडून आलेत. चौघांच्या नावांचे फलक चौकात आहेत. पाण्याचं विचारलं तर एक म्हणतो ते दुसऱ्याकडे, दुसरा म्हणतो क्षेत्रीय कार्यालयात जा, क्षेत्रीय कार्यालय म्हणतं पाणीपुरवठा विभागात जा. कर मात्र महापालिकेचा सुरू झाला. टँकर अजून आमचा आम्हीच मागवतो.

मला कोणी नीट समजावून सांगेल का, महापालिकेत नक्की निर्णय घेतो कोण? महापौर की आयुक्त?

जमाखर्च | १८ जानेवारी, दुपारी ३:१०

मी एका महापालिकेच्या लेखा विभागात होतो, तेव्हा हे मी सांगतो.

कायद्याने महापालिकेत अधिकार तिघांकडे आहेत. सर्वसाधारण सभा, स्थायी समिती आणि आयुक्त. या यादीत महापौर वेगळे नाहीत, ते सभेचे अध्यक्ष. मान मोठा, पण कार्यकारी अधिकार नाही. नगराध्यक्ष लोकांतून थेट निवडला जातो, महापौर मात्र नगरसेवकांतून, अडीच वर्षांसाठी. १९९८मध्ये मुंबई आणि नागपुरात महापौर परिषदेचा प्रयोग झाला होता, म्हणजे महापौर आणि त्यांचं छोटं मंत्रिमंडळ कारभार करणार. वर्षभरातच तो गुंडाळला. मला तो आणखी काही वर्षं चालवून बघायला हवा होता असं आजही वाटतं.

पैशाच्या चाव्या स्थायी समितीकडे. मुंबई सोडली तर सोळा सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. आयुक्त अंदाजपत्रक आधी स्थायीला देतात, स्थायी बदल करून मुख्य सभेला. मोठ्या कामांच्या निविदा स्थायीत मंजूर होतात. आयुक्त राज्य सरकारने नेमलेले, रोजचा कारभार त्यांचा. तेव्हा शिवेवरचे दादा, तुमची जलवाहिनी टाकायची तर प्रस्ताव खाते करतं, आयुक्त पुढे पाठवतात, स्थायी मंजूर करते. नगरसेवक फार तर अंदाजपत्रकात ती ओळ घालून घेऊ शकतो. ती ओळ आहे का, हे त्या चौघांना एकत्र विचारा. तोंडी नको, लेखी विचारा.

एक दुखणं सांगतो, ते आतून पाहिलंय. पूर्वी जकात होती. नाक्यावर ट्रक थांबायचे, भ्रष्टाचारही होता, पण पैसा रोजच्या रोज महापालिकेच्या तिजोरीत. मग एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही २०१५मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला. मुंबईची जकात १ जुलै २०१७ला जीएसटीबरोबर संपली. आता राज्याकडून भरपाईचा हप्ता येतो. स्वतःचं असं मोठं उत्पन्न राहिलं ते मालमत्ता कर आणि बांधकाम परवान्यांचं शुल्क. परवान्यांवर शहर चालायला लागलं की इमारती आधी होतात आणि पाणी मागून येतं. तुमच्या टँकरचं मूळ तिथे आहे.

पुण्यातच बघा. २०१७मध्ये ११ गावं आली, २०२१मध्ये आणखी २३. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची परत बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. इतक्या उलाढालीत गटाराचा नकाशा तरी कोण जपणार?

आणि मधली चार वर्षं तर सभागृहच नव्हतं. मुंबईची मुदत ७ मार्च २०२२ला संपली, मतदान झालं आत्ताच, १५ जानेवारी २०२६ला. आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, प्रभागरचना बदलत राहिली, आणि राज्यभर महापालिका, नगरपालिका, झेडप्या प्रशासकांच्या हाती गेल्या. माझे प्रशासक म्हणून काम केलेले काही वरिष्ठ फार सचोटीचे होते. पण एकच माणूस सकाळी आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवतो आणि दुपारी सभागृह म्हणून मंजूर करतो. प्रश्न विचारायला खुर्चीच उरत नाही.

मोहफूल | १८ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

आमच्या गडचिरोलीची गोष्ट सांगते, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाची. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. हात वर करून बहुमताने ठरवायचं, असं त्या गावात करत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलतात. एक सभा, दोन सभा, पाच सभा. गावात अभ्यासगट आहेत, कायदा समजून घ्यायला. वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याचा लागायचा. ती अडवणूक संपायला २०११ उजाडलं. त्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

ताई, इथे एक बारीक पण मोठा फरक आहे. आदिवासी (अनुसूचित) भागांतल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा १९९६चा, आपल्या राज्यात त्याचे नियम २०१४मध्ये आले. त्यात ग्रामसभा ही ग्रामपंचायतीची नाही, वस्तीची. पाड्याची, टोल्याची. एका ग्रामपंचायतीत पाच टोले असतील तर पाच ग्रामसभा होऊ शकतात. डोंगरवाट दादांच्या वस्तीला जे प्रभागातून मिळालं, ते तिथे वस्तीच्या सभेतून मिळतं. सभा केवढी असावी, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. दहा हजारांच्या गावाची एक सभा म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याची सभा.

मांडवीकाठ | १८ जानेवारी, रात्री ८:३०

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे मधला स्तरच नाही. घटनेत २० लाखांखालच्या राज्यांना मधला स्तर न करण्याची मुभा आहे, त्यामुळे खाली पंचायती आणि वर जिल्हा पंचायत. तालुक्याला काही नाही. १९९४चा पंचायत कायदा. जिल्हा पंचायतीला तुमच्या झेडपीसारखी ना शाळा, ना दवाखाने. तुमचे काका म्हणतात ती ताकद आमच्याकडे कधीच आली नाही.

पण ग्रामसभा मात्र जिवंत आहेत. रविवारी भरतात, म्हणजे नोकरीवाले, शेतकरी सगळे येतात. डोंगर कापायचा, शेतात इमारत उभी राहायची असली की सभागृह अपुरं पडतं, चार-चार तास चालते. आमच्या गावात म्हातारी माणसं नकाशे घेऊन येतात. कोमुनिदाद, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, पंचायतीहून कितीतरी जुनी, पण तिच्यामुळेच 'ही जमीन गावाची' हे लोकांच्या हाडीमाशी मुरलं असावं, असं मला वाटतं. ठराव झाला म्हणून सरकार ऐकतंच असं नाही. पण प्रकल्प गुपचूप होत नाही, हे नक्की.

जुना_बंधारा | १८ जानेवारी, रात्री ९:१५

मोहफूलताई, वस्तीच्या सभेचं पटलं. शहरांसाठीही असं काही आणायचा प्रयत्न झाला होता. नेहरू नागरी अभियान या केंद्राच्या शहरांसाठीच्या योजनेचा पैसा हवा तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी केंद्राची अट होती, म्हणून २००९मध्ये आपल्या कायद्यात 'क्षेत्रसभा' आली. काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, तिथल्या मतदारांची सभा. मी कुठे ती भरलेली पाहिली नाही. पण शब्द कायद्यात आहे, आणि कागदावर असलेला शब्द मागता येतो.

नांगरणीताई, नगरपंचायतीची सर्वसाधारण सभा लोकांना ऐकायला खुली असते. आईला बोलता येणार नाही, पण बसता येईल. चार-पाच जणींनी जाऊन नुसतं बसलं तरी फरक पडतो. गल्लीच्या कामाचा कार्यारंभ आदेश आणि कामाची मुदत माहिती अधिकारात मागा.

नांगरणी | १९ जानेवारी, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. डोंगरवाट दादा, तुमचं लिहिणं मी आईला दोनदा वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खरं आहे. आमच्या सभेतही ती माणसं मागेच उभी राहायची. मी कधी वळून पाहिलं नाही."

आज तिचाच फोन आला. २६ तारखेला झेंडावंदनानंतर शाळेच्या मैदानात ती सतरंजी टाकणार आहे. तिने तीन गल्ल्यांत सांगितलंय. आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीत ती स्वतः चालत गेली, तिथल्या बायकांना सांगायला. त्या म्हणाल्या, आम्ही येऊ, पण आमचा नळ आधी घ्या. आई कबूल झाली. ग्रामसभा म्हणता येणार नाही हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, नाव काहीही असू दे. प्रश्न एका कागदावर लिहायचे आणि मुख्याधिकाऱ्यांना नेऊन द्यायचे. पहिला प्रश्न ओढ्यापलीकडच्या नळाचा, दुसरा आमच्या गल्लीच्या खड्ड्याचा, तिसरा क्षेत्रसभा कधी घेणार याचा. मी २५च्या रात्रीच्या एसटीने निघतेय. कागद कसा लिहावा, कोणी सांगेल का?

जुना_बंधारा | १९ जानेवारी, रात्री १०:२०

साध्या कागदावर, विषय एका ओळीत, खाली सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे, प्रत्येकीच्या नावासमोर प्रभाग क्रमांक. दोन प्रती करा. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. २६ला कचेरी बंद असते, २७ला सकाळी जा.

सावली | १९ जानेवारी, रात्री १०:४०

आणि ताई, वेळ संध्याकाळची ठेवता येते का बघा. सध्या हरभऱ्याची कामं असतील.